रकमेचे रूप आणि रकमेचे मूल्य : रुपये-आणे-पैंचे हिशेब स्प्रेडशीटमध्ये उतरविताना

जुन्या हिशेबवह्यांतील रकमा ऑनलाइन स्प्रेडशीटमध्ये उतरवून घेण्याचा प्रघात आता इतिहासाच्या अभ्यासकांत रूढ झाला आहे. बेरजा, सरासरी, वर्षवार तुलना ही कामे त्यामुळे सुकर झाली, हे मान्य केले पाहिजे. तथापि या तक्त्यात रकमेचे चलनरूप बदलण्याची जी सोय असते, तिच्या परिणामांचा पुरेसा विचार झालेला दिसत नाही. चौकटीतील संख्या वेगळी आणि तिच्यावर चढविलेला पेहराव वेगळा, असा या साधनाचा मूळ संकेत आहे. रुपयाची खूण काढून डॉलरची घातली तरी आतील संख्या तीच राहते. विनिमय मुळीच होत नाही. आजच्या व्यवहारास हा संकेत सोयीचा आहे. जुन्या कागदांत मात्र रकमेचे रूप हाच पुष्कळदा पुराव्याचा भाग असतो.

मोडी दप्तरातील रकमेची मांडणी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पूर्ण रुपयांच्या अंकापुढे उभी रेघ म्हणजे पावली, अर्थात चार आणे. आडवी रेघ म्हणजे एक आणा. पाच आणे लिहावयाचे तर एक उभी व एक आडवी रेघ. पंधरा आण्यांस तीन उभ्या व तीन आडव्या. म्हणजे कारकून रुपयाचे आधी चार आणि मग प्रत्येकाचे पुन्हा चार भाग करीत असे. पावकी, निमकी, पाउणकी पाठ केलेल्या मनाचे हे गणित होय. दशांशाशी त्याचा संबंध नाही. या चिन्हांना २००९ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले, म्हणून ती टंकित करता येतात. परंतु स्प्रेडशीट त्यांस अक्षरे समजते, संख्या नव्हे, आणि बेरजेत निमूटपणे वगळते.

यापेक्षा घातक प्रकार आंग्लाईतील वह्यांच्या बाबतीत घडतो. आठ रुपये, बारा आणे, दहा पै ही रक्कम विद्यार्थी साहजिकच ८-१२-१० अशी टंकितो. तक्ता ती तारीख समजतो. तक्त्याची प्रदेश-निवड भारत असल्यास ८ डिसेंबर २०१०, अमेरिका असल्यास १२ ऑगस्ट २०१०. तारीख पाहून विद्यार्थी त्या रकान्यास चलनाचे रूप देतो, आणि चौकटीत ४०,५२० रुपये अवतरतात; कारण ३० डिसेंबर १८९९ पासून मोजलेले दिवस हीच तारखेची आतील संख्या असते. एकट्या चौकटीत ही चूक डोळ्यांत भरेल. परंतु बारापेक्षा अधिक आणे असलेल्या रकमेची तारीख होतेच असे नाही. ती अक्षरे म्हणून राहते व बेरजेतून गळते. अशा रीतीने एकाच रकान्यात काही रकमा फुगतात, काही नाहीशा होतात आणि तळाशी मात्र एक व्यवस्थित बेरीज दिसते.

यावर उपाय म्हणून पुष्कळजण प्रथमच दशांशात रूपांतर करतात. तेथे वेगळी अडचण आहे. रुपयाचे आणे १६, आण्याच्या पै १२, म्हणजे रुपयाच्या पै १९२. एका रुपयाखालील १९२ भिन्न रकमा शंभर पैशांच्या घरांत बसवावयाच्या, तर दोन-दोन रकमा एका घरात जाणारच. आणि एकदा गेल्या की त्या वेगळ्या करता येत नाहीत. एक आणा म्हणजे ०.०६२५ रुपया. दोन दशांश स्थळांच्या चलनरूपात तो ०.०६ दिसतो. असे सोळा आणे एकाखाली एक मांडले तर तक्ता बेरीज १.०० दाखवितो, पण वाचकाने दिसणारे अंक मिळविले तर ९६ पैसेच भरतात. येथपर्यंत मूल्य शाबूत आहे, केवळ दर्शन अपुरे आहे. पूर्णांकनाचे सूत्र लावले, किंवा दिसणारे अंक दुसऱ्या तक्त्यात उतरविले, की ते चार पैसे खरोखरच जातात.

हीच अडचण राज्यसंस्थेलाही आली होती. १९५५ च्या कायद्यानुसार १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नये पैसे झाले (‘नया’ हा शब्द १ जून १९६४ रोजी गळला). त्या वेळच्या कोष्टकात एक आण्याचे ६, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९ व चार आण्यांचे २५ नये पैसे धरले होते. एकेक आण्याचे तीन व्यवहार वेगळे केले तर १८, एकत्र केले तर १९. १९५७ नंतरच्या काही वर्षांच्या वह्या वाचताना पैशाची तफावत आढळली, तर कारकुनाच्या लबाडीचा संशय घेण्यापूर्वी हे कोष्टक पाहावे.

आतापर्यंत रुपया एकच आहे असे गृहीत धरले. तसे ते नव्हते. पेशवाईत चांदवडी, अंकुशी इत्यादी नाना रुपये एकाच वेळी चालत आणि त्यांच्या देवघेवीत बट्टा लागे. १८३५ च्या कायद्याने कंपनीचा १८० ग्रेन वजनाचा रुपया सर्वत्र एकरूप केला, तरी संस्थानांची नाणी राहिलीच. मराठवाड्यात निजामाचा हाली सिक्का चाले. त्याचेही आणे सोळाच, परंतु अखेरच्या काळात सात हालीस सहा भारतीय रुपये असा हिशेब होता. अशा वहीतील ७०० रुपयांच्या नोंदीस १५ जुलै २०१० रोजी स्वीकारलेली ‘₹’ ही खूण लावली, म्हणजे ६०० च्या जागी ७०० झाले. खूण बदलल्याने मूल्य बदलत नाही हे खरे. पण मूल्य कोणत्या नाण्यातले, हे सांगणारा शब्द तेवढा पुसला जातो.

लाख-कोटींच्या स्वल्पविरामांविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. त्यासाठी कोटीची व लाखाची अशा दोन अटी घातलेला साचा प्रचलित आहे. त्यात सर्व वजा रकमा तिसऱ्या विभागात पडतात, आणि तुटीचे अडीच लाख २५०,००० असे पाश्चात्त्य थाटात छापले जातात. ही केवळ दर्शनाची चूक असली, तरी मुद्रितशोधकास ती छळते.

मग करावे काय? जुने कारकून दस्तऐवजात रक्कम अंकी लिहून पुन्हा अक्षरी लिहीत, आणि तिचे निमेही नोंदवीत, जेणेकरून एक आकडा बदलला तर दुसरा साक्ष देईल. तोच मार्ग येथे धरावा. वहीतील मूळ नोंद जशीच्या तशी एका रकान्यात, त्यास आधीच साध्या मजकुराचे रूप देऊन ठेवावी. रुपये, आणे व पै यांचे तीन रकाने स्वतंत्र असावेत. नाण्याच्या नावाचा चौथा. पाचव्यात सर्व रकमेच्या पै कराव्यात : वरील आठ रुपये बारा आणे दहा पै म्हणजे १५३६ अधिक १४४ अधिक १०, एकूण १६९०. बेरजा याच रकान्यावर घ्याव्यात व चलनरूप द्यावयाचे ते अखेरच्या उत्तरास. मात्र १९२ हा गुणक सर्वत्र चालणार नाही. मुंबई इलाख्यातील कंपनीच्या जुन्या हिशेबांत रुपयाचे चार पाव व ४०० रेस होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून गोव्यात रुपयाचे १६ टांगे व ९६० रेस होते. ‘रेस’ हा एकच शब्द दोन्ही वह्यांत आढळतो, म्हणून त्याच्या शेजारी ठिकाण व वर्ष लिहिले नसेल, तर पाचवा रकाना भरू नये.