परदेशात पाहुणे म्हणून जेवताना: थायलंडमधील घरगुती जेवण आणि तुमचे पोट

थायलंडला जाणारे आपले बहुतेक पर्यटक बँकॉक, पटाया, फुकेत करून परत येतात आणि हॉटेलातच जेवतात. पण कामानिमित्त किंवा मित्राच्या लग्नाला ईशान्य थायलंडमध्ये, म्हणजे इसान भागात खोन केन किंवा उदोन थानीकडे गेलात, तर एखाद्या घरी जेवायचा योग येतो. चटईवर सगळे गोल बसतात, पदार्थ मध्ये ठेवलेले असतात आणि यजमान आग्रह करतात. अशा वेळी काय खावे आणि कशाला नम्रपणे नाही म्हणावे?

प्रवासाआधी विचारायला येणाऱ्यांना धास्ती असते ती तळलेल्या किड्यांची. खरे तर कढईतून नुकतेच काढलेले गरम रातकिडे किंवा नाकतोडे पोटाला फारसे धोक्याचे नाहीत. अपवाद एकच: कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असेल तर किडे खाऊ नका. दोन्हींमधील काही प्रथिने सारखी असल्यामुळे तशीच ॲलर्जी उठू शकते.

खरा धोका दिसायला अगदी साध्या पदार्थात असतो. ‘कोइ प्ला’ म्हणजे गोड्या पाण्यातील कच्चा मासा बारीक चिरून त्यात लिंबू, मिरची, भाजलेल्या तांदळाची पूड आणि पुदिना घालून केलेला पदार्थ. या माशांच्या मांसात लिव्हर फ्लूक या चपट्या कृमीच्या अळ्या असू शकतात. त्या पोटात गेल्या की पित्तनलिकेत मुक्काम करतात, तोही अनेक वर्षे, आणि बहुतेकांना काही जाणवतही नाही. वर्षानुवर्षे पुन्हा पुन्हा संसर्ग झाल्यास पित्तनलिकेचा कर्करोग होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1994 मध्ये या कृमीची नोंद मानवात कर्करोग घडवणाऱ्या घटकांमध्ये केली आहे. इसानमध्ये या कर्करोगाचे प्रमाण जगात सर्वाधिक आहे. एका घासाने कर्करोग होत नाही, पण संसर्ग मात्र होऊ शकतो.

लिंबाने मासा पांढरा पडतो आणि शिजल्यासारखा दिसतो. अळ्या त्याने मरत नाहीत. सोबत दारू घेतली की जंतू मरतात, हाही गैरसमजच. (तो आपल्याकडेही आहे.)

कच्चे डुकराचे मांस आणि रक्त घातलेले पदार्थ तर पूर्ण टाळा. त्यातून स्ट्रेप्टोकॉकस सुइस या जिवाणूमुळे मेंदूज्वर होतो आणि बरे झाल्यावरही कायमचा बहिरेपणा राहू शकतो.

दोन थाई शब्द पाठ करून जा: ‘सुक’ म्हणजे शिजलेले, ‘दिप’ म्हणजे कच्चे. बरेच पदार्थ दोन्ही प्रकारे करतात, त्यामुळे ‘सुक’ मागणे यजमानांना विचित्र वाटत नाही. डॉक्टरांनी कच्चे खायला मनाई केली आहे असे खुशाल सांगा. हे वाचल्यावर ते खोटेही ठरणार नाही! शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर ती थाई भाषेत कागदावर लिहून न्या, कारण पपईच्या सॅलडमध्ये दाणे कुटलेले असतात. मधुमेहींनी चिकट भात बेताने घ्यावा. हाताने गोळे करून खाताना किती खाल्ला याचा अंदाज राहत नाही आणि साखर झपाट्याने वाढते. शाकाहारी मंडळींनी ‘जे’ हा शब्द वापरावा. त्यात मांस, मासळीचा सॉस आणि कांदा-लसूणही येत नाही.

एवढे सांभाळूनही जुलाब झालेच, तर ते बहुधा तीन ते पाच दिवसांत थांबतात. ओआरएसचे एक लिटरचे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात घोळून थोडे थोडे पीत राहा. ताप किंवा शौचातून रक्त असेल तर जुलाब थांबवणारी गोळी स्वतःहून घेऊ नका, डॉक्टरांना दाखवा. पाणीही पोटात ठरत नसेल, सहा-आठ तास लघवी झाली नसेल, मान आखडली असेल किंवा अचानक कमी ऐकू येऊ लागले असेल, तर तिथल्याच रुग्णालयात लगेच जा. परतीच्या विमानाची वाट पाहू नका.

कच्चा मासा खाल्ला गेलाच असेल, तर परतल्यावर साधारण महिन्याने शौचाची तपासणी करून घ्या, कारण अंडी दिसायला तेवढा वेळ लागतो. कुठे गेला होता आणि काय खाल्ले, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. संसर्ग आढळल्यास प्राझिक्वांटेल हे औषध असते आणि उपचार एक-दोन दिवसांत संपतो.