नाकारलेल्या चित्रांचीं दोन दालनें

चित्रकलेच्या इतिहासांत राजवाडे, धर्ममंदिरें आणि श्रीमंतांचे दिवाणखाने यांना मोठें स्थान आहे. परंतु युरोपांतील आधुनिक चित्रकलेची कथा सांगावयाची झाल्यास तिचा आरंभ एका निराळ्याच ठिकाणापासून करावा लागतो. ज्या चित्रांना प्रदर्शनांत जागा मिळाली नाहीं, अशा चित्रांसाठीं पॅरिसमध्यें १८६३ सालीं उघडलेलें दालन हें तें ठिकाण होय.

त्या काळीं फ्रान्समध्यें चित्रकाराचें भवितव्य ‘सालाँ’ नांवाच्या सरकारी प्रदर्शनावर अवलंबून असे. तेथील परीक्षकांनीं चित्र स्वीकारलें तर गिऱ्हाईक मिळावयाचें. नाकारलें तर स्टुडिओचें भाडें देण्याचीहि पंचाईत. पुराणांतील अथवा इतिहासांतील उदात्त प्रसंग, रेखीव आकृति आणि गुळगुळीत रंगलेपन ही परीक्षकांची कसोटी. १८६३ सालीं आलेल्या पांच हजारांहून अधिक कलाकृतींपैकीं निम्म्याहून अधिक त्यांनीं परत केल्या, तेव्हां असा असंतोष माजला कीं, तो सम्राट तिसऱ्या नेपोलियनच्या कानांपर्यंत पोहोंचला. सम्राटाला नव्या कलेचें प्रेम होतें असें नव्हे. परंतु त्यानें एक चतुर आज्ञा दिली. नाकारलेलीं चित्रें त्याच इमारतींत मांडावीं आणि निर्णय लोकांनींच करावा.

लोकांनीं निर्णय केला तो हंशाचा. एदुआर माने याच्या चित्रांत दोन सुटाबुटांतील पुरुषांसमवेत एक विवस्त्र स्त्री गवतावर बसलेली होती. विवस्त्र स्त्रिया शेजारच्या मान्यवर प्रदर्शनांतहि होत्या. पण त्या देवता म्हणून. काबानेल या चित्रकारानें काढलेलें व्हीनसच्या जन्माचें चित्र तर खुद्द सम्राटानें विकत घेतलें. मानेची स्त्री देवता नव्हती. ती पॅरिसमधील कोणी एक होती आणि प्रेक्षकाकडे रोखून पाहत होती. तिच्या देहावर छायाप्रकाशाच्या नाजूक छटा नसून रंगाचे सपाट पट्टे होते. प्रेक्षक हंसले, चिडले. तरीहि एक गोष्ट घडून गेली. परीक्षकांना टाळून थेट लोकांपुढें जातां येतें, हें चित्रकारांना कळलें.

त्याच काळांत त्यांच्या हातांतील साधनेंहि बदलत होतीं. १८३९ सालीं दागेरच्या छायाचित्रणाची घोषणा झाली आणि हुबेहूब चेहरा टिपण्याचें काम यंत्र करूं लागलें. १८४१ सालीं रँड नांवाच्या अमेरिकन चित्रकारानें दाबून रंग बाहेर काढावयाची कथलाची नळी शोधून काढली. घोटलेला रंग आतां सुकत नसे आणि सहज बरोबर नेतां येई. चित्रकार स्टुडिओ सोडून नदीकाठीं आणि शेतांत जाऊन बसला. तेथें त्याला दिसलें कीं, पाण्याचा रंग घटकेघटकेला पालटतो आणि सावली काळी नसून निळसर वा जांभळी असते. हें टिपावयाचें तर ब्रश झपझप चालविला पाहिजे. गुळगुळीतपणाला सवड नाहीं.

या नव्या पाहण्याला सालाँमध्यें फारसा थारा नव्हता. म्हणून १८७४ च्या एप्रिलमध्यें मोने, रन्वार, पिसारो, देगा, बर्थ मोरिसो प्रभृति तीस कलावंतांनीं छायाचित्रकार नादार याच्या जुन्या स्टुडिओंत स्वतःचें प्रदर्शन भरविलें. मोनेच्या ‘इम्प्रेशन, सूर्योदय’ या चित्राच्या नांवावरून लुई लरुआ या टीकाकारानें सर्वांना ‘इम्प्रेशनिस्ट’, म्हणजे केवळ मनावरचा ठसा उतरविणारे, म्हणून हिणविलें. शिवी म्हणून दिलेलें हें नांव पुढें बिरुद होऊन बसलें. १८८६ पर्यंत अशीं आठ प्रदर्शनें झालीं. दरम्यान १८८४ सालीं स्वतंत्र चित्रकारांची संस्था निघाली. परीक्षक नाहींत आणि पारितोषिकेंहि नाहींत, हें तिचें ब्रीद.

भिंत आपली झाल्यावर प्रश्न विचारण्याची मोकळीक मिळाली. स्यूरानें रंग एकमेकांत न कालवतां त्यांचे ठिपके शेजारीं शेजारीं ठेवले. ते पाहणाऱ्याच्या डोळ्यांत मिसळावेत अशी त्याची योजना. एक्स गांवच्या सेझाननें साँत-व्हिक्त्वार हा एकच डोंगर पुनःपुन्हां रंगविला. क्षणिक प्रकाशामागें वस्तूची बांधणी कशी असते, हें त्याला पाहावयाचें होतें. १९०५ सालीं मातीसनें स्त्रीच्या चेहऱ्यावर हिरवा रंग चढविला, तेव्हां टीकाकार व्होक्सेल यानें त्याच्या गटाला ‘हिंस्र श्वापदें’ म्हटलें. १९०७ सालीं पिकासोनें पांच स्त्रियांच्या चित्रांत मानवी देह कोनाकोनांत फोडला. तें चित्र मित्रांनाहि खटकलें आणि १९१६ पर्यंत जाहीर प्रदर्शनांत आलें नाहीं. मग त्यानें व ब्राकनें एकाच वस्तूच्या अनेक बाजू एकाच पटावर मांडल्या. म्यूनिकमध्यें राहणाऱ्या कांदिन्स्की या रशियन चित्रकारानें तर मुळालाच हात घातला: संगीताला कशाची नक्कल करावी लागत नाहीं, मग चित्रालाच कां?

यांपैकीं प्रत्येक प्रयोग साधला असें नाहीं. प्रयोगाचा तो धर्मच आहे. परंतु पाहणाऱ्याला हंसण्याची, चिडण्याची आणि पुन्हां येऊन पाहण्याची मुभा होती.

त्याच म्यूनिकमध्यें १९ जुलै १९३७ रोजीं नाकारलेल्या चित्रांचें दुसरें दालन उघडलें. नाझी सरकारनें जर्मनींतील ३२ सार्वजनिक संग्रहालयांतून उचललेल्या सुमारें ६५० कलाकृति तेथें ‘अधःपतित कला’ या नांवाखालीं मांडल्या होत्या. चित्रें मुद्दाम दाटीवाटीनें लावलीं होतीं आणि भिंतींवर टिंगलीचीं वाक्यें लिहिलीं होतीं. आदल्याच दिवशीं त्याच शहरांत सरकारमान्य कलेचें भव्य प्रदर्शन सुरू झालें होतें.

वरवर पाहतां दोन्ही दालनें सारखींच: मान्य चित्रें एकीकडे, अमान्य दुसरीकडे, आणि मध्यें प्रेक्षकांचा हंशा. परंतु १८६३ सालीं सम्राटानें निर्णय लोकांवर सोंपविला होता. १९३७ सालीं तो आधींच भिंतीवर लिहिलेला होता. हंसणें ही प्रेक्षकाची मर्जी न राहतां त्याचें कर्तव्य ठरलें. पहिल्या दालनांतून चित्रकार पुढच्या चित्राकडे वळले. दुसऱ्यानें कित्येकांना देशोधडीला लावलें. बेकमन त्याच सुमारास आम्स्टरडॅमला निघून गेला, तो जर्मनीला परतला नाहीं. किर्शनरनें १९३८ सालीं स्वित्झर्लंडमध्यें आत्महत्या केली. ऑस्ट्रियाचा वॉल्टर लँगहॅमर नाझींच्या जाचामुळें मुंबईस आला. १९४७ सालीं तेथें स्थापन झालेल्या नवचित्रकारांच्या गटांतील रझा आणि आरा या तरुणांना त्याचें प्रोत्साहन लाभलें.

फ्रान्ट्स मार्क याचें ‘निळ्या घोड्यांचा मनोरा’ हें १९१३ चें चित्रहि म्यूनिकच्या त्या दालनांत टांगलें होतें. मार्क १९१६ सालीं व्हर्दूनच्या रणांगणावर जर्मनीसाठीं लढतांना मारला गेला होता. म्हणून लष्करी अधिकाऱ्यांच्या संघटनेनें तक्रार केली आणि चित्र तेथून काढण्यांत आलें. पुढें तें गोरिंगच्या हातीं पडलें आणि महायुद्धाच्या अखेरीस नाहींसें झालें. ज्या चित्राला पॅरिस हंसलें, तें मानेचें चित्र आतां त्याच शहरांतील ओर्से संग्रहालयांत मानानें टांगलेलें आहे. पॅरिसच्या प्रेक्षकाला चुकण्याची मोकळीक होती, म्हणूनच त्याच्या नातवंडांना ती चूक दुरुस्त करतां आली. मार्कचे चार निळे घोडे मात्र अद्याप सांपडलेले नाहींत.