देवळाच्या छपरातील ओढ

देवालयाचा इतिहास लिहावयाचा म्हटले की मूर्ती, सनदा, उत्सव आणि महाजनांची कुळे यांचाच विचार प्रथम होतो. छपराकडे पाणी गळू लागल्याखेरीज कोणी मान वर करून पाहत नाही. वास्तविक मध्ये खांब नसलेला प्रशस्त सभामंडप उभा राहतो तो वरच्या काळोखातील एका आडव्या लाकडाच्या बळावर, आणि ते लाकूड वजन पेलीत नसून ओढ सोशीत असते.

धारगळ गाव ज्यात येतो तो पेडणे महाल १७८८ मध्ये सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेला. त्यापूर्वीची आणि नंतरही घरोघर चालत राहिलेली कोकणी रचना सरळ आहे. खांबांवर तुळई, तुळईवर आखूड खांब, त्यावर आढे आणि आढ्यावरून दोहों अंगांस उतरणारे वासे. येथे लाकूड दाबले जाते किंवा वाकते, परंतु ताणले जात नाही. या रचनेत खोट कसलीच नाही. मात्र खांब दाट येतात आणि कीर्तनास बसलेल्या निम्म्या मंडळींना बुवांचे दर्शन दुर्लभ होते.

कैचीची कल्पना निराळी. दोन वासे वर एकमेकांस टेकविले की वजनाने त्यांचे पाय बाहेर फाकू पाहतात व भिंती ढकलतात. ते पाय आडव्या लाकडाने जखडले म्हणजे भिंतीवर केवळ सरळ भार उरतो. सिनाई पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या सेंट कॅथरिन मठावर सहाव्या शतकातील अशा कैच्या अद्याप आहेत. पालादिओने १५७० च्या आपल्या वास्तुग्रंथात लाकडी पुलांसाठीही हेच तत्त्व मांडले. गोव्यात युरोपीय बांधणी चर्चवास्तूंबरोबर आली व तिची छाप पुढे देवळांवरही पडली. शिवछत्रपतींच्या आज्ञेने १६६८ मध्ये जीर्णोद्धार झालेले नार्वे येथील श्रीसप्तकोटेश्वराचे देवालय किंवा नारो राम मंत्री यांच्या पुढाकाराने १७३८ मध्ये उभे राहिलेले कवळ्याचे श्रीशांतादुर्गेचे देवालय पाहावे, म्हणजे उतरती कौलारू छपरे आणि युरोपीय धाटणी यांचा मेळ ध्यानी येतो.

या रचनेचे मर्म पोर्तुगीज शब्दांतच उकलते. कैची म्हणजे 'आस्ना'. तिचे दोन तिरपे वासे 'पेर्ना', म्हणजे पाय. खालची आडवी तुळई 'लिन्या', म्हणजे दोरा. दोरा ओढता येतो, ढकलता येत नाही. मधला उभा खांब 'पेंदुराल', म्हणजे लोंबणारा. इंग्रजीने याच खांबाला राजपद दिले आणि आपणही 'राजखांब' म्हणू लागलो. परिणामी तो तुळईवर उभा राहून शिखर तोलतो असा समज पसरला. खरे पाहता तो शिखरापासून लोंबतो आणि तुळईला मध्ये झोळ येऊ न देता वर धरून ठेवतो. नाव फसवे असले म्हणजे दुरुस्तीही फसते.

आता हिशेब पाहू. गाळा ६ मीटर, उंची २ मीटर, एका कैचीवर कौले व लाकडासह भार ३,००० किलो धरला आणि लोंबत्या खांबाच्या पायथ्यापासून दोन्ही वाशांना तिरके टेकू दिले, तर टोकांकडे तुळईतील ओढ सुमारे १,७०० किलो येते. लाकडी बांधकामाच्या भारतीय मानक ८८३ प्रमाणे, साग ज्यात मोडतो त्या 'ब' गटातील पहिल्या प्रतीच्या लाकडावर छपराखाली दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १२० किलो ताण देता येतो. म्हणजे १४-१५ चौरस सेंटिमीटर लाकूड पुरे! प्रत्यक्षात तुळई त्याच्या दसपट जाड असते. मग ती दगा देते कोठे? सांध्यापाशी. वाशाचा पाय तुळईच्या खाचेत बसतो आणि खाचेपुढील शेवट रेषांच्या दिशेने सोलून काढू पाहतो. तेथे सोसण्याची मर्यादा अवघी नऊ किलोंच्या आसपास. १० सेंटिमीटर रुंदीच्या तुळईला खाचेपुढे निदान १९ सेंटिमीटर निकोप लाकूड हवे. हाच शेवट भिंतीत, वळचणीखाली असतो. तेथेच पाणी मुरते, तेथेच वाळवी लागते.

जुन्या च्यारींना हे आकडे ठाऊक नसतील, पण लाकडाच्या रेषा त्यांना वाचता येत. वासा एक वेळ गाठीचा चालेल. ताणाच्या तुळईला मात्र सरळ रेषांचे लाकूडच पाहिजे, कारण दाबाने गाठ घट्ट होते, ओढीने तीच उघडते. पहिल्या प्रतीसाठी मानकानेही रेषांचा तिरपेपणा पंधरास एक यापुढे जाऊ दिलेला नाही. तुळई लांबीला अपुरी पडली तर जोड केवळ खिळ्यांनी धरत नाही. दोन्ही बाजूंस पट्ट्या लावून आरपार बोल्ट घालावे लागतात, आणि भोकांनी खाल्लेले लाकूड हिशेबातून वजा करावे लागते.

जीर्णोद्धाराच्या वेळी रंगमंच उंच व्हावा, पंखे नीट बसावेत म्हणून 'मधले आडवे लाकूड' कापण्याची सूचना हमखास पुढे येते. कापल्या दिवशी काहीच घडत नाही. छप्पर तसेच उभे दिसते, कारण जाड भिंती काही काळ ढकल सोसतात. मग कौले भिजून जड होतात, भिंतीच्या माथ्याशी बारीक तडा उमटतो, आढे किंचित खचते. तुळईला हंड्या-झुंबरे टांगतानाही हाच विचार हवा. ओढीत भरीस वाक पडतो, म्हणून टांगणी लोंबत्या खांबाजवळ घ्यावी. छपरास हात लावण्यापूर्वी प्रत्येक कैचीच्या दोन्ही टोकांची कौले उतरवून, सळईने टोचून लाकूड आतून कितपत शाबूत आहे ते पाहावे. शेवट कुजला असल्यास अख्खी तुळई फेकण्याचे कारण नाही. कुजका भाग काढून, निकोप लाकडाचा तुकडा लोखंडी पट्ट्यांनी बांधून घेता येतो. मात्र ते काम चालू असताना कैचीखाली दोन्ही बाजूंस भक्कम टेकू दिलेले असावेत, आणि पाऊस सुरू होण्यापूर्वी ते उरकलेले असावे.