सुहेली : मुंबईत बांधलेली बोट आणि तिची दुरुस्ती

लंडनच्या ग्रीनिच भागात ब्रिटनचं राष्ट्रीय सागरी संग्रहालय आहे. १९९७ मध्ये तिथे एक लाकडी शिडाची बोट ठेवली गेली आणि पाचेक वर्षांनी तिच्या मालकाने ती परत नेली. असं का झालं, हे समजून घ्यायला आपल्याला मुंबईपासून सुरुवात करावी लागेल.

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवरचे तरुण अधिकारी. १९६०च्या दशकात त्यांनी मुंबईत ३२ फुटी बोट बांधून घेतली. लाकूड सागाचं, बांधणारे इथलेच सुतार, हत्यारं वाकस आणि सामता. आराखडा मात्र १९२०च्या दशकातला, म्हणजे तेव्हाच जुना झालेला. नाव ठेवलं ‘सुहेली’. अरब खलाशी एका वाऱ्याला या नावाने ओळखतात. याच बोटीतून ते आफ्रिकेला वळसा घालून १९६७ मध्ये इंग्लंडला पोचले.

पुढच्याच वर्षी ‘संडे टाइम्स’ने स्पर्धा जाहीर केली : एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा. नॉक्स-जॉन्स्टन यांना त्यासाठी मोठी पोलादी बोट हवी होती, पण पैसे मिळेनात. मग आहे तीच बोट तयार करायची ठरली. वाऱ्याच्या आधाराने सुकाणू सांभाळणारी यंत्रणा बसवली, दोर-शिडं पाहून घेतली, वर्षभराचं अन्न भरलं. १४ जून १९६८ रोजी ते फालमथहून निघाले.

आता गंमत बघा. तयारी म्हणून जे केलं, त्यातलं बरंचसं वाटेत मोडलं. केप ऑफ गुड होपच्या पुढे लाटेने बोट आडवी केली आणि केबिनचे सांधे हलले. टाकीतलं पाणी खराब झालं, मग पावसाचं पाणी धरावं लागलं. रेडिओ बंद पडला. सुकाणूची यंत्रणा ऑस्ट्रेलियाजवळ कायमची गेली.

त्याआधी अटलांटिकमध्येच तळाशी फळ्यांच्या फटीतून पाणी आत येऊ लागलं होतं. किनाऱ्यावर असतं तर बोट ओढून घेता आली असती. इथे त्यांनी स्वतः पाण्यात बुड्या मारल्या, फटीत कापूस ठासला, डांबर लावलेली कॅनव्हासची पट्टी खिळ्यांनी ठोकली आणि वर तांब्याचा पत्रा बसवला. मध्येच शार्क आला, तर त्याला आधी बंदुकीने मारावं लागलं.

आपल्या मते इतिहासाचा मुद्दा इथे आहे. लांबच्या प्रवासासाठी बोट तयार करणं म्हणजे तिच्यात नव्या वस्तू बसवणं, असं आपण समजतो. खरी तयारी वेगळीच होती : तिचा प्रत्येक सांधा माहीत असणं, आणि भर समुद्रात हाताने दुरुस्त करता येईल अशी ती असणं. सुरुवात नऊ जणांनी केली. पूर्ण एकानेच केली. २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, सुहेली फालमथला परतली. बक्षिसाचे ५,००० पौंड नॉक्स-जॉन्स्टन यांनी डोनाल्ड क्राउहर्स्ट या स्पर्धकाच्या कुटुंबाला दिले. क्राउहर्स्ट घाईघाईत, अपुऱ्या तयारीच्या नव्या बोटीतून निघाले होते. ते परत आलेच नाहीत.

आता संग्रहालयाकडे येऊ. तिथल्या कोरड्या हवेत सागाच्या फळ्या आकसू लागल्या. समुद्राने जे केलं नाही, ते छपराखाली होऊ लागलं! म्हणून मालकाने बोट बाहेर काढली आणि अनेक वर्षं स्वतः राबून ती नीट केली. साग टिकला होता. गंजले होते ते लोखंडी खिळे-बोल्ट. त्यांच्या जागी ब्राँझचे घातले. २०१६ मध्ये सुहेली पुन्हा पाण्यात उतरली.

जपणं म्हणजे हात न लावणं, असं आपण वारसावस्तूंबाबत नेहमी धरून चालतो. या बोटीला वापराने आणि दुरुस्तीनेच जपलं. आपल्या कोकणकिनाऱ्यावरच्या जुन्या होड्यांबद्दल, आणि त्या बांधणाऱ्या हातांबद्दल, याच अंगाने विचार करायला हवा. आता तुमचे प्रश्न घेऊ या.