सिव्हिलिते : हस्ताक्षराचे मुद्रारूप

सोळाव्या शतकाच्या मध्यास फ्रेंच मुद्रणात इटलीतून आलेली रोमन व इटालिक वळणे रूढ झाली होती. फ्रान्सचेही स्वतःचे मुद्राक्षर असावे, या हेतूने रोबेर ग्राँजों याने १५५७ मध्ये ल्यों येथे फ्रेंच लेखनिकांच्या जलद हस्ताक्षरावरून नवे ठसे कोरले. त्यास त्याने ‘फ्रेंच अक्षर’ म्हटले व दुसऱ्या हेन्रीकडून दहा वर्षांची सनद मिळविली. एकाच अक्षराची अनेक रूपे व जोडाक्षरांचे स्वतंत्र खिळे यांमुळे पानास लेखणीचा डौल लाभला. परंतु त्यामुळेच जुळणी किचकट झाली. पुढे सुशिक्षितांचे हस्ताक्षरच इटालियन वळणाकडे झुकले आणि या खिळ्यांचा मूळ आधार सुटला. एरास्मसच्या बालशिष्टाचारविषयक ग्रंथाच्या (१५३०) भाषांतरांत व तत्सम पुस्तकांत मात्र ते वापरले गेले. त्यांवरूनच ‘सिव्हिलिते’ हे नाव पडले. मुलांना हस्ताक्षर वाचण्याचा सराव व्हावा, हाही त्यामागील एक उद्देश होता. अशा पुस्तकांतून हे वळण एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकले. राजसनदेने त्यास राष्ट्रीय अक्षराचे स्थान मिळाले नाही. शालेय उपयोगाने दीर्घायुष्य मात्र दिले. हस्ताक्षराधिष्ठित मुद्राक्षराचा इतिहास म्हणूनच लेखनाच्या इतिहासापासून अलग करता येत नाही.