फुरसे, चापडा आणि परळ

अमेरिकेतील खुळखुळ्या साप, म्हणजेच रॅटलस्नेक, भारतात कोठेही आढळत नाही. परंतु भीती कायम ठेवून विषारी साप शोधत हिंडण्याचा व्यवहार मुंबई आणि कोकणाला नवा नाही. खुळखुळ्या शेपटीच्या टोकाची कोरडी कडी हलवून इशारा देतो, तर कोकणातले फुरसे वेटोळी एकमेकांवर घासून कुशीवरच्या करवती खवल्यांचा खरखराट करते. वंशाने मात्र खुळखुळ्याला जवळचा आहे तो सह्याद्रीतील हिरवा चापडा. दोघांच्याही डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये उष्णता जाणणारी खाच असते, जिच्यामुळे काळोखातही उबदार रक्ताचे भक्ष्य हेरता येते.

फुरशांचा पहिला मोठा शोध सरकारी इनामासाठी झाला. 1862 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात मारलेल्या फुरशामागे पैसे मिळू लागल्यावर अवघ्या आठ दिवसांत एक लाखाहून अधिक फुरशी सरकारजमा झाली. दगड उलटून त्याखालचे फुरसे टिपणाऱ्या या माणसांना सापाची भीती नव्हती असे मानण्यास आधार नाही. भीतीला मोल मिळाले होते, एवढेच म्हणता येईल.

साप ओळखण्यासाठी शोधण्याची पद्धत मुंबईत रुजली ती 1883 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीमुळे. आरंभीच्या काळात संस्थेचा संग्रह फिप्सन या मद्यव्यापाऱ्याच्या कोटातील पेढीत होता, आणि साप मद्यार्कात टिकवावे लागतात हे लक्षात घेता ही जागा विसंगत म्हणता येणार नाही. वस्तुतः शहरात छायाचित्रणाची संस्था 1854 पासूनच होती आणि डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे छायाचित्रकार तिच्याशी निगडित होते; पण त्या काळची ओली काच कित्येक सेकंद प्रकाशात धरावी लागे आणि ओली असतानाच धुवावी लागे, त्यामुळे हलत्या सापाची प्रतिमा तिच्यावर उमटणे जवळजवळ अशक्य होते. पुढे सैन्यातील वैद्यकीय अधिकारी फ्रँक वॉल यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सोसायटीच्या नियतकालिकात भारतीय सापांवर लेखमाला सुरू केली, तेव्हा तिच्यासोबत रंगीत चित्रे होती. त्यांची ओळखीची रीत रंगापेक्षा खवल्यांवर भर देई: पाठीच्या मधल्या ओळीत मोठे षटकोनी खवले असतील तर मण्यार, अशा खुणा ती सांगे. खवले मोजायचे म्हणजे साप हातात धरायला हवा, आणि तो बहुधा मेलेला असे.

जिवंत साप हवा असणारी पहिली मोठी जागा परळ. राज्यपालांच्या जुन्या निवासात 1899 मध्ये वाल्डेमार हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा आली आणि 1925 मध्ये तिला हाफकिन संस्था हे नाव मिळाले. पुढे येथे सर्पदंशावरील प्रतिविष तयार होऊ लागले. प्रतिविष म्हणजे घोड्याला विषाच्या वाढत्या मात्रा टोचून त्याच्या रक्तद्रवातून मिळवलेले औषध. भारतातील अनेक सापांच्या विषांवर चालणाऱ्या प्रतिविषासाठी नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांचे विष लागते, एका सापापासून ते फारच थोडे मिळते, आणि फुरसे तर हातभर लांबही नसते. मारून आणलेला साप येथे निरुपयोगी होता. संस्थेतील प्राणिशास्त्रज्ञ पी. जे. देवरस यांनी सर्पोद्यानातील विषाच्या उत्पन्नाच्या नोंदी 1963 मध्ये प्रसिद्ध केल्या. लालबाग-परळच्या गिरण्यांचे भोंगे वाजत असताना त्याच परिसरात सापांचे विष मिलिग्रॅममध्ये मोजले जात होते, ही गोष्ट गिरणगावाच्या इतिहासात क्वचितच नोंदली जाते.

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर साप पकडण्याची मोकळीक संपत गेली आणि लांबून जवळचे टिपणारी भिंगे हौशी माणसांच्या आवाक्यात आली, तेव्हा शोधणाऱ्याला सापाला हात लावण्याचे कारणच उरले नाही. पावसाळ्याच्या रात्री चापडा एकाच फांदीवर तासन्‌तास निश्चल बसून राहतो, म्हणून भित्र्या छायाचित्रकारालाही तो साधतो. फुरसे तसे नाही. कातळसड्यावरच्या दगडाखालून ते खरखरू लागले की माणसाने मागे सरायचे असते, आणि चित्र घेऊन झाल्यावर उचललेला दगड सापाला चिरडणार नाही अशा बेताने पूर्ववत ठेवायचा असतो. 1862 मध्ये तो पुन्हा ठेवण्याची कोणाला गरज नव्हती, कारण त्याखालचे फुरसे तोवर कचेरीत पोहोचलेले असे.