सोडलेली अंडी आणि परकी ऊब : अडीच हजार वर्षांचा एक इतिहास

#थ्रेड

१.
पिंजऱ्यातील मादी चार-पाच दिवस अंड्यांवर बसते आणि एके सकाळी उठून निघून जाते. अंडी गार पडू लागतात. आता काय करावे, हा प्रश्न पक्षी पाळणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी पडतो. तो फार जुना आहे. त्याची उत्तरे शोधताना माणसाने भट्ट्या बांधल्या, तापमापक अंड्यांशेजारी ठेवले, परक्या घरट्यांत अंडी सरकवली, आणि एकदा एका दुर्मीळ पक्ष्याचे भवितव्यही पणाला लावले.

२.
आरंभ महाभारतापासून करता येतो. आदिपर्वात कद्रू आणि विनता यांची कथा आहे. कद्रूला हजार अंडी, विनतेला दोन. ही अंडी उबदार भांड्यांत ठेवली गेली आणि पाचशे वर्षांनी कद्रूची अंडी फुटली. मातेने स्वतः न बसता, बाहेरच्या उबेवर अंडे वाढू शकते, ही कल्पना त्या कथाकाराला अपरिचित नव्हती, एवढे यावरून निश्चित दिसते.

३.
विनतेला मात्र धीर धरवला नाही. तिने एक अंडे स्वतःच फोडले. आतून निघाला तो अर्धाच घडलेला अरुण. त्याने आईला दास्याचा शाप दिला आणि दुसऱ्या अंड्यासाठी आणखी पाचशे वर्षे थांबायला सांगितले. त्या दुसऱ्या अंड्यातून गरुड निघाला. पिल्लू बाहेर येत नाही म्हणून कवच फोडायला निघालेल्या माणसाला आजचे जाणकारही याहून वेगळे काही सांगत नाहीत.

४.
कथेकडून नोंदीकडे वळले की इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातील ॲरिस्टॉटल भेटतो. कोंबडीची अंडी वेगवेगळ्या दिवशी उघडून आत काय घडते याचे वर्णन त्याने केले. तिसऱ्या दिवसाच्या सुमारास दिसणारे हृदय म्हणजे रक्ताचा एक हलता ठिपका, हे त्याचे निरीक्षण प्रसिद्ध आहे. इजिप्तमध्ये अंडी शेणखताच्या ढिगात पुरून उबवतात, हेही त्याने नोंदवले.

५.
त्याच ग्रंथात सिराक्यूज येथील एका मद्यप्याचा किस्सा आहे. त्याने चटईखाली अंडी ठेवली आणि ती फुटेपर्यंत मद्यपान चालू ठेवले. किस्सा थट्टेचा असला तरी त्यातील सूचना खरी आहे: अंड्याला बसणारा कोण आहे याच्याशी कर्तव्य नाही, बसणाऱ्याने उठू नये, एवढेच त्याला हवे.

६.
रोमन लेखक प्लिनीने नोंदवलेली हकिकत याच मुद्द्याची आहे. इसवी सनापूर्वी ४२ मध्ये लिव्हिया गर्भवती होती. मुलगा होणार की मुलगी, हे पाहण्यासाठी तिने एक अंडे छातीशी धरून उबवले. ते बाजूला ठेवण्याची वेळ आली की दाईच्या छातीशी द्यायचे, म्हणजे ऊब तुटायची नाही. कोंबडा निघाला. पुढे जन्मलेला मुलगा म्हणजे रोमचा सम्राट टायबेरियस.

७.
या कलेचे शास्त्र घडले ते मात्र इजिप्तमध्ये. मातीच्या विटांची लांब इमारत, मधोमध अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना दुमजली खोल्या. खालच्या मजल्यावर हजारो अंडी, वरच्या मजल्यावर गोवऱ्या आणि काडीकचरा यांचा धुमसता विस्तव. इसवी सनाच्या बाराव्या शतकाच्या अखेरीस इजिप्तमध्ये गेलेल्या अब्द अल-लतीफ अल-बगदादी याने या भट्ट्यांचे तपशीलवार वर्णन केले आहे.

८.
तेथे तापमापक नव्हता. कारागीर अंडे उचलून स्वतःच्या पापणीला लावत. पापणीची त्वचा पातळ आणि संवेदनशील. ऊब कमी की जास्त, ते तिला कळे. दिवसातून अनेकदा हाताने अंडी फिरवली जात, कारण एकाच कुशीवर राहिलेले अंडे आत चिकटते. हे ज्ञान बापाकडून मुलाकडे जात असे आणि बाहेरच्यास सहसा सांगितले जात नसे.

९.
विशेष म्हणजे, पहिले दहा-बारा दिवस उलटले की विस्तव कमी करत, पुढे विझवतही असत. वाढत्या गर्भांना तोवर स्वतःची ऊब आलेली असते. हजारो अंडी एकमेकांना उबवतात. म्हणून उबवणीच्या पहिल्या दिवसांत सोडलेले अंडे आणि अखेरच्या दिवसांत सोडलेले अंडे यांची अवस्था एकसारखी नसते.

१०.
सतराव्या शतकात डच संशोधक कॉर्नेलिस ड्रेबेल याने उष्णता आपोआप आवरणारी उबवण-भट्टी तयार केली. तापमान वाढले की पारा सरके आणि विस्तवाकडे जाणारी हवा अडे. आज घराघरांतील यंत्रांत असणाऱ्या तापनियंत्रकाच्या पूर्वजांपैकी हा एक. या पूर्वजाचे एक काम अंड्यांची काळजी घेण्याचे होते.

११.
१७४९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर याने या विषयावर ग्रंथच प्रसिद्ध केला. इजिप्तच्या भट्ट्यांची माहिती मिळवून त्याने पॅरिसच्या हवामानात प्रयोग केले: पिंपे आंबत्या लिदीच्या ढिगात पुरून त्यांत अंडी ठेवली आणि सोबत स्वतःचा तापमापक. त्याच्या मोजपट्टीवरील ३२ अंश, म्हणजे आजचे ४० अंश सेल्सियस, हे त्याचे प्रमाण. पापणीचे काम आता आकड्याकडे आले.

१२.
पण रेओम्यूरच्या लक्षात एक अडचण आली. अंडी फुटली तरी पिल्लांना शिरायला पंख कोठे आहेत? त्याने आतून मेंढीचे कातडे लावलेली, एका बाजूस उतरती होत जाणारी पेटी केली आणि तिला ‘कृत्रिम आई’ म्हटले. यंत्र उबवण्याचे काम करते; पण आईचे काम तेथे संपत नाही, हे १८व्या शतकातच दिसून आले होते.

१३.
या वाटेवरचे सर्वांत अनपेक्षित वळण १८८० च्या सुमारास आले. पॅरिसमधील प्रसूतितज्ज्ञ स्तेफान तार्निए याने तेथील प्राणिउद्यानात कोंबड्यांची उबवणयंत्रे पाहिली आणि त्याच धर्तीवर अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी पेटी करवून घेतली. १८८३ च्या अहवालानुसार २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा मृत्युदर ६६ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आला. आजच्या रुग्णालयांतील काचेच्या पेटीचे मूळ खुराड्यात आहे.

१४.
यंत्राखेरीज दुसरा मार्ग म्हणजे दाई. आपल्याकडे खेड्यापाड्यांत खुडूक कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवतात, तीच ही रीत. जपानमध्ये तिने वेगळे रूप घेतले. अठराव्या शतकात चीनमधून तेथे मुनियांच्या जातीचा एक लहान पक्षी गेला आणि पिंजऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या पोसला गेला. आज जगभर त्याला बेंगालीज फिंच म्हणतात. त्याचा रानटी पूर्वज, पांढऱ्या पाठीची मुनिया, सह्याद्रीतही आढळतो.

१५.
हा पाळीव पक्षी अंड्यांवर इतक्या निष्ठेने बसतो की पैदासकारांनी त्याला दाईच केले. ऑस्ट्रेलियातील रंगीबेरंगी गोल्डियन फिंचची सोडलेली अंडी त्याच्या घरट्यात ठेवायची, तो ती उबवतो आणि पिल्ले वाढवतो. सोय मोठी होती. पुढे टीकाही झाली: पिढ्यान्‌पिढ्या परक्यांनी वाढवलेल्या जोड्या स्वतः बसायला शिकतील कशा?

१६.
या प्रश्नाचा गाभा जर्मन संशोधक क्लाउस इमेलमान याने उघड केला. त्याने झेब्रा फिंचची अंडी बेंगालीज दाईंकडे दिली. पिल्ले धडधाकट वाढली. पण नर मोठे झाले तेव्हा दाईचे गाणे गाऊ लागले आणि जोडीदार म्हणून दाईच्याच जातीच्या माद्या निवडू लागले. देह स्वजातीचा राहिला. गाणे आणि ओढ मात्र परकी झाली.

१७.
पिंजऱ्यात हा कुतूहलाचा विषय होता. रानात तो एका पक्ष्याच्या अस्तित्वाचा प्रश्न झाला. उत्तर अमेरिकेतील हूपिंग क्रेन हा पांढरा क्रौंच १९४१ च्या सुमारास जेमतेम वीस-बावीस उरला होता. तो सहसा दोन अंडी घालतो आणि बहुधा एकच पिल्लू वाढवतो. म्हणून १९६७ पासून कॅनडातील घरट्यांतून एकेक अंडे उचलून मेरीलँडमधील केंद्रात उबवण्यास आरंभ झाला.

१८.
१९७५ मध्ये पुढचे धाडस केले गेले. आयडाहोतील ग्रेज लेक येथे सँडहिल क्रेन या जवळच्या जातीच्या घरट्यांत हूपिंग क्रेनची अंडी ठेवली. १९८८ पर्यंत एकूण २८९ अंडी. दाईंनी ती इमानाने उबवली, ऐंशीहून अधिक पिल्ले उडू लागली आणि दाईंमागे दक्षिणेकडे स्थलांतरही करू लागली. कागदावर योजना यशस्वी दिसत होती.

१९.
पण ही पिल्ले वयात आली तेव्हा आपसांत जोड्या जमेनात. त्यांच्या लेखी आपली जात सँडहिल क्रेनचीच होती. त्या कळपातून हूपिंग क्रेनची एकही जोडी उभी राहिली नाही आणि योजना गुंडाळावी लागली. ऊब मिळाली, अन्न मिळाले, वाट मिळाली. आपण कोण, याचे उत्तर मात्र चुकीचे मिळाले.

२०.
याच काळात टेक्स नावाची एक हूपिंग क्रेन मादी होती. प्राणिसंग्रहालयात माणसांनी वाढवल्यामुळे ती माणसालाच जोडीदार समजे. अंडी घालावीत म्हणून विस्कॉन्सिनमधील जॉर्ज आर्चिबाल्ड हे क्रौंचतज्ज्ञ तिच्यासमोर क्रौंचाप्रमाणे नाचत. कृत्रिम रेतनाच्या साहाय्याने १९८२ मध्ये तिचे एकमेव पिल्लू जन्मले. त्यानंतरच्या प्रकल्पांत पिल्लांना भरवणारी माणसे पांढरा पोशाख घालू लागली आणि हातात क्रौंचाच्या डोक्याची बाहुली धरू लागली.

२१.
त्याच १९८२ मध्ये कॅलिफोर्नियातील रानटी कॉन्डॉरची एक जोडी निरीक्षकांनी पाहिली. अंड्यावर कोणी बसायचे यावरून नर-मादी भांडत होती, आणि भांडणात अंडे कड्यावरून खाली गेले. काही आठवड्यांनी मादीने दुसरे अंडे घातले; तेही गेले. नुकसान झाले, पण गमावलेल्या अंड्याच्या जागी मादी दुसरे घालते हे सिद्ध झाले. म्हणूनच पुढे अंडी उचलून यंत्रात उबवणे शक्य झाले. मार्च १९८३ मध्ये सॅन डिएगोत पहिले पिल्लू जन्मले.

२२.
मग मादी उठते का? विसाव्या शतकात याचे उत्तर कबुतरांनी दिले. १९३० च्या दशकात ऑस्कर रिडल याने प्रोलॅक्टिन हे संप्रेरक ओळखले. पुढे डॅनियल लेहरमन याने दाखवले की एकट्या होल्याला आयते घरटे आणि अंडी दिली तरी तो बसत नाही. जोडीदार, प्रियाराधन, घरट्याची जुळवाजुळव यांतून काही दिवसांत संप्रेरके जागी होतात आणि मग तो बसतो. ही साखळी भीतीने, आजाराने वा अवेळी तुटते. त्यात निष्ठुरता शोधणे व्यर्थ आहे.

२३.
माणसाने ही साखळी हेतुपुरस्सरही तोडली आहे. खुडूक बसलेली कोंबडी अंडी देत नाही, म्हणून व्यापारी जातींत न बसणाऱ्या कोंबड्याच निवडल्या गेल्या. पांढरी लेगहॉर्न हे त्याचे ठळक उदाहरण. यंत्र आले म्हणून आईची गरज उरली नाही, आणि आई उरली नाही म्हणून यंत्राशिवाय चालेना.

२४.
भारतातही हा इतिहास चालू आहे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर एकेकाळी दिसणारा माळढोक आता महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झाला आहे. २०१९ पासून राजस्थानात जैसलमेर परिसरातून त्याची अंडी गोळा करून यंत्रात उबवली जात आहेत. तेथील पिल्लांना रानात सोडण्याची वेळ येईल, तेव्हा ग्रेज लेकचा धडा आठवावा लागेल.

२५.
आता घरच्या पिंजऱ्याकडे. इतिहासाचा पहिला सल्ला विनतेचा: घाई नको. पुष्कळ पक्षी सर्व अंडी घालून होईपर्यंत नीट बसत नाहीत. पाळी बदलताना नर बसलेला असू शकतो. पिंजरा शांत, आडोशाला ठेवावा आणि दुरून पाहावे. मग अंधारात अंड्यामागे लहान दिवा धरावा: आत लाल शिरांचे जाळे दिसले तर जीव आहे, आठवडाभर बसल्यावरही सगळे पिवळट, स्वच्छ दिसले तर अंडे बहुधा वांझ आहे.

२६.
जीव असेल आणि दोघेही फिरकत नसतील, तर त्याच जातीची, त्याच सुमारास अंडी घातलेली जोडी ही सर्वोत्तम दाई. ती नसेल तर उबवणयंत्र. पण त्यात अंडी फिरवणे आणि ओलावा राखणे हे ओघाने आलेच, आणि पिल्लू निघाल्यावर दिवसरात्र भरवण्याची तयारी हवी. अंडी वांझ असतील तर ती लगेच काढू नयेत. रिकामे घरटे पाहून मादी पुन्हा घालते आणि तिच्या अंगातील कॅल्शियम झिजते. तिने स्वतः सोडली की मग उचलावीत.

२७.
कधीकधी काहीच न करणे हेही उत्तर असते. पहिल्या विणीची अनेक जोडपी अर्ध्यावर उठतात आणि पुढच्या विणीला नीट बसतात. इजिप्तच्या भट्टीने उबेचा प्रश्न सोडवला, रेओम्यूरने तो मोजला. पिल्लाला स्वजातीचे गाणे शिकवण्याचे काम मात्र अजून स्वजातीच्या पक्ष्याकडेच आहे. म्हणून पुढच्या विणीसाठी त्या मादीला विश्रांती, चांगला आहार आणि शांत कोपरा देणे, हा या सर्व उपायांतील बहुधा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जुना उपाय.